गव्हाच्या कोठीतले फोन

माझी मुलगी कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. ते तिचं पोटाचं काम. त्याशिवाय ती आणखी एक काम करते, त्याचे तिला कोणी पैसे देत नाही. टॉवर नसला, नेट नसलं, तरी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर निरोप जावा, असं काहीतरी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून बनवतात. दोन फोन जवळ आले की एक दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत निरोप पोहोचतो. गावात पूर्वी असंच होतं, त्यात नवीन काय, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "गावात मधला माणूस निरोप ऐकते ना बाबा. यात मधल्याले ऐकू येत नाही." ते मला पटलं.

"पण पैसे भेटत नाही तं करून कायले राहिली?"

"तुमी रविवारी घरचा चांगला कूलर खोलून बसत होते, ते कायले?"

माझा कूलर आणि पंख्याच्या मोटरी दुरुस्त करायचा धंदा होता. आता हात कापतात म्हणून सोडला. मी पुढे विचारलं नाही.

मुलगी श्रावणात आली, तिची आई आजारी पडली तेव्हा, आणि आई गेल्यावर राहिली. घरून काम केलेलं तिच्या कंपनीला चालतं. माझ्यासाठी राहू नको, मला स्वयंपाक येतो, असं मी तिला सांगितलं. येत नव्हता. तिला ते माहीत होतं.

बायकोला ताप होता. धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. तिथे पायऱ्यांवर यवतमाळ-गडचिरोलीकडून आलेली माणसं डबे सोडून बसलेली असतात. आम्ही तर याच शहरातले, आम्हाला वाटलं दोन दिवसांत घरी जाऊ. ताप उतरला आणि ती गेली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मुलीला समजलं. मला एवढंच समजलं की येताना ऑटोत आम्ही तिघं होतो आणि जाताना दोघं.

त्याआधी उन्हाळ्यात बायकोने वर्षाचे गहू भरले होते. गहू तिच्या धाकट्या बहिणीच्या वावरातले. ती पारशिवनीकडे दिलेली आहे, पेंचच्या जंगलाजवळचं गाव. दरसाल तिथून पोती येतात. बायको ते गच्चीवर वाळवायची, पाखडायची, निवडायची, आणि स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या कोठीत भरायची. माझ्या छातीला लागते एवढी ती कोठी. गव्हाचा एक थर, कडूनिंबाचा पाला, परत गहू, परत पाला. मग झाकण, झाकणावर जुन्या लुगड्याचं फडकं आणि सुतळी. नवे गहू लगेच खायचे नाहीत, पोळी चिकट होते, म्हणून मागच्या सालचे पिंपातले आधी संपवायचे अशी तिची रीत. पिंपातले संपायच्या आधी ती गेली. कोठीचं झाकण तिने लावलं ते लावलेलंच राहिलं.

पिंपातले संपले तशी मी दुकानातून पिठाची पाकिटं आणायला लागलो. मुलीने एकदा विचारलं, "घरात कोठीभर गहू असून पाकीट काहून आणता?"

"चक्कीवर जायचा कंटाळा येते."

चक्की आमच्या घरापासून चौथ्या दारात आहे. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. खरी गोष्ट ही की ते गहू काढले असते तर संपले असते. मला ते संपायला नको होते. यापेक्षा मोठं कारण नव्हतं, आणि हे सांगण्यासारखंही नव्हतं.

तर फोन. फाल्गुन लागला होता. मुलीचं ते काम आता करून पाहण्याजोगं झालं होतं. त्यासाठी तिला पाच फोन पाहिजे होते. सीताबर्डीच्या बाजारातून तिने जुने फोन आणले, एकाची काच फुटलेली, एकाचं बटन आत गेलेलं. एक कमी पडत होता.

"आईचा घेऊ का?"

"घे. पडूनच हाय."

मुलीने पलंगावर फोन ओळीने मांडले आणि घरातला वायफायचा डबा बंद केला. मला सांगितलं, "आता यातलं काही बाहेर नाही गेलं पायजे."

"काहून?"

"अजून कच्चं हाय हे. कच्चं बाहेर गेलं तं कोणाच्याही फोनात जाऊन धिंगाणा घालन. आपल्या फोनाचं आपल्याच फोनात राहू द्यायचं, पाहायचं कुठी चुकते, सुधारायचं. मग बाहेर."

"म्हणजे सुतक पाळतो तसं. आपण कोणाले शिवायचं नाही, कोणी आपल्याले शिवायचं नाही."

"अगदी तसंच." हे तिला आवडलं. त्या दिवशी मैत्रिणींशी बोलताना मी तिला म्हणताना ऐकलं, "आमच्याकडे फोन सुतकात हायेत."

दुपारभर ती एका फोनवरून दुसऱ्यावर काहीबाही पाठवत बसली. काय लिहायचं हा प्रश्न नव्हता, काहीही चाललं असतं. आईचा फोन हातात आला तेव्हा तिच्या बोटांनी जे सवयीचं होतं ते लिहिलं. कॉलेजात होती तेव्हापासून फाटकापाशी आली की ती आईला हेच पाठवायची, कारण आमची बेल तेव्हापासून बिघडलेली आहे. मी मोटरी दुरुस्त करायचो, घरची बेल नाही. तर तिने लिहिलं, मी आली, दार उघड. ते बाजूच्या फोनवर गेलं की नाही ते पाहिलं. गेलं नव्हतं. परत पाठवलं. तेही नाही. मग तसंच ठेवून वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली.

दिवेलागणीला मी देवाचा लाइट लावतो. अगरबत्ती मी लावत नाही, मला खोकला येतो. पण बायको रोज त्या वेळेला देव्हाऱ्यातला छोटा बल्ब लावायची, तो मी लावतो. बोर्ड देव्हाऱ्याच्या वरच आहे. एकाच बटनावर देवाचा बल्ब आहे आणि त्याच बटनावर वायफायचा डबा. घरातली वायरिंग मी केलेली, दोन बटनांची जागा नव्हती. मी बटन दाबलं. बल्ब लागला. डबाही लागला. माझं लक्ष देवाकडेही नव्हतं आणि डब्याकडेही.

पलंगावरच्या फोनांनी नेट पकडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकात पाणी मारत होतो. समोर ऑटो थांबला आणि माझी मेहुणी उतरली, बायकोची तीच धाकटी बहीण. न कळवता ती कधी येत नाही. हातात पिशवी नाही, काही नाही. फोन तेवढा. ऑटोवाल्याला पैसे देतानाही तिने फोन खाली ठेवला नाही. आत आली, चप्पलही काढली नाही, आणि फोन माझ्या तोंडापुढे धरला.

"हे काय होय भाऊजी?"

वर नाव होतं, बाई. आपल्या थोरल्या बहिणीला ती बाई म्हणायची. खाली लिहिलेलं होतं, मी आली, दार उघड. त्याखाली परत तेच. बोटाने वर सरकवलं तर परत तेच, खालपर्यंत.

"मले तं काही माहीत नाही."

"मंग कोणाले माहीत हाय? बाईले विचारू?"

मुलगी आतून आली. फोन पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. आमच्या घरात लग्नाची पत्रिका छापायच्या आधी कोणाला काही समजत नाही, पण हे मला लगेच समजलं. दिवाळीत मेहुणी आली होती, तेव्हा मुलीने तेच सॉफ्टवेअर तिच्या फोनात टाकून दिलं होतं, कारण तिच्या गावाकडे टॉवर येतो आणि जातो. बाजूच्या फोनवर न गेलेला निरोप नेट मिळताच आईच्या फोनातून तिकडे गेला होता.

"मावशी, चुकून गेलं वं. आमी इथं टेस्टिंग करून राहिलो होतो..."

"चुकून? मेलेल्या माणसाच्या नावानं चुकून जाते का? हा काय मिस कॉल होय?"

"डबा बंद होता मावशी. मी सोता बंद केला होता."

"मी भाकरी टाकून राहिली होती," मेहुणी म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "फोन वाजला. पाहिलं. तव्यावरची भाकर तशीच सोडली अन् उठून दार उघडलं ना मी."

"उघडलं?" मी विचारलं.

"तं काय करू? दार उघड म्हटलं तं उघडलं. समोर आमची बकरी उभी. दावं तोडून आली होती. मी तिले म्हटलं, तू कायले आली वं?"

मग मेहुणीलाच हसू आलं. हसता हसता ती खुर्चीवर बसली, पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तो काढला नाही. मुलीने तिच्या पायातल्या चपला काढून बाहेर ठेवल्या.

मी चहा ठेवला. मुलगी घरभर फिरून पाहत होती. बोर्डापाशी थांबली.

"बाबा, काल देवाचा लाइट कोणी लावला?"

"मी. रोज मीच लावतो."

"त्याच बटनावर डबा हाय ना."

मेहुणीने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे देवाच्या बटनानंच तो मेसेज आला. अन् आमचे हे मले म्हणे, तुह्या डोक्यावर परिणाम झाला. घरी जाऊन सांगतेच त्याईले."

त्या दिवशी मुलीने कामावर सुट्टी टाकली. आधी आईच्या फोनातले फोटो, आईचा आवाज, सगळं दुसरीकडे उतरवून ठेवलं आणि तो फोन मला परत दिला. म्हणाली, आता घरच्या माणसाचा एकही फोन या कामात घेणार नाही. बाकीच्या फोनांतली खरी नावं, खरे नंबर पुसले. त्यांना नवी नावं दिली, वांगं, कांदा, भेंडी, दोडका. गेलंच चुकून बाहेर, तर भेंडीच्या नावाने जाईल. कोणी दार उघडणार नाही.

"पण नुसतं बटन बंद करून भागत नाही," ती म्हणाली. "बंद केलं म्हणता म्हणता कोणी तरी चालू करते."

"माह्याकडे पाहून नको बोलू."

"तुमाले नाही म्हणून राहिली. शेजाऱ्याचं वायफाय हाय, रस्त्यावरून जाणाऱ्याचा फोन हाय. लोखंडाच्या बंद जागेत ठेवलं तं कोणतंच सिग्नल आत येत नाही अन् आतलं बाहेर जात नाही. तसं काही पायजे."

मग घरात शोधाशोध सुरू झाली. आधी लोखंडी कपाट. तिने वांग्यात सिम घालून ते साड्यांच्या खणात ठेवलं, दार लावलं आणि मला फोन लावायला सांगितला. कपाटातून गाणं वाजायला लागलं. दाराच्या फटीतून जातं म्हणाली. मग चिवड्याचा स्टीलचा डबा. त्यातही वाजला, जरा खोल आवाजात. मग पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद. त्यात नाही वाजला, पण फोन तापला आणि कागद कोपऱ्यावर फाटला. मेहुणी हे सगळं पाहत होती. तिला हे आवडायला लागलं होतं. ती म्हणाली, "विहिरीत टाकून पाहा."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिची नजर कोपऱ्याकडे गेली.

"नाही," मी म्हटलं.

"मी काही बोललीच नाही."

"बोलणार होती."

मेहुणीने आमच्या दोघांकडे पाहिलं. मग उठली, कोठीपाशी गेली आणि बोटांच्या पेरांनी पत्र्यावर वाजवलं. पोकळ आवाज आला नाही.

"भरली हाय?"

"हाय."

"कोणते गहू होय?"

"तुमचेच."

"म्हणजे बाईनं भरले ते? सारेच?" तिने फडक्याला, सुतळीला हात लावून पाहिला. "उघडलीच नाही? मंग खाता काय तुमी?"

मुलगी म्हणाली, "पाकिटाचं पीठ."

"पाकीट!" मेहुणीने कपाळाला हात लावला. "आमच्याकडे लाइट कवा येते माहीत हाय ना? आमचे हे थंडीत, रात्री, वाघाच्या भागात, हातात बॅटरी घेऊन या गव्हाले पाणी देऊन राहिले होते. अन् इथं पाकीट खाऊन राहिले तुमी!"

"मले कोठी नको मावशी," मुलगी मधे पडली. "मी दुसरं काही पाहीन. एखादा ड्रम आणीन."

"कोठीचं नाहीच राहिलं आता. गव्हाचं हाय." ती माझ्याकडे वळली. "नवे गहू कापणीले आले. कुठी भरसान?"

"यंदा नको पाठवू."

"बाई होती तवा एक साल तरी नको म्हटलं का?"

"ती होती."

"अन् मी मेली का?"

मला राग आला. माझ्या घरात, माझ्या कोठीपाशी उभी राहून ती मला विचारत होती. मी म्हटलं, माझे गहू आहेत, खाईन नाही तर ठेवीन. ती म्हणाली, ठेवा ना. वर्षश्राद्धाला पूजा करा कोठीची. मी म्हटलं, तोंड सांभाळून बोल. ती म्हणाली, तोंड सांभाळत बसली असती तर तुमच्या घरात माझी बहीण दिली तेव्हाच सांभाळलं असतं. मुलगी म्हणाली, दोघं बसा. कोणी बसलं नाही.

मग मेहुणी वेगळ्याच आवाजात म्हणाली, "भाऊजी, वरीस होत आलं त्याले. आत सोंडे लागले असन तं?"

"नसन लागले. तिनं कडूनिंब टाकला हाय."

"कडूनिंबाची बी मुदत असते ना."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझ्या हिशोबाने त्या झाकणाखाली सगळं उन्हाळ्यातल्यासारखंच होतं, तिने शेवटचा पाला टाकला आणि हात झटकले तेव्हासारखं. आत अंधारात काही चाललं असेल, कोणी खात असेल, अंडी घालत असेल, असं मला वाटलं नव्हतं. धंदा सोडून इतके महिने मी घरातच होतो. रोज त्या कोठीला टेकून पाकीट फोडत होतो. एकदाही कान लावला नाही.

"सरक," मी म्हटलं.

मुलीने कात्री आणली. कात्री लागली नाही. सुतळीची गाठ बायकोने अशी मारली होती की एक टोक ओढलं की सुटावी. तिला ती कोठी दर आठवड्याला उघडायची होती, तिने त्या हिशोबानेच बांधली होती. मी टोक ओढलं. सुटली.

झाकण काढलं. सुकलेल्या पाल्याचा कडवट वास आला. वरचा पाला तांबूस होऊन चुरा झाला होता आणि त्या चुऱ्यात सोंडे फिरत होते. फार नाही, पण होते. मेहुणीने बाही वर केली, कोपरापर्यंत हात आत घातला, खालचे मूठभर गहू वर काढले, फुंकले, एक दाणा दाताखाली फोडला.

"चांगले हायेत. खाली नाही गेले अजून. आणखी दोन महिने गेले असते तं कोंबड्याले टाका लागले असते."

"तुमच्याकडे कोंबड्या चांगलं खातात मग," मी म्हटलं.

"तुमच्यापेक्षा चांगलं खातात."

गहू मीच काढले. त्या दोघी घमेली धरून उभ्या, मी भरून देत होतो, त्या गच्चीवर नेऊन चादरीवर पसरत होत्या. तळाशी पोहोचायला मला कोठीत वाकावं लागलं. आत माझाच श्वास मला मोठ्याने ऐकू येत होता. तळाशी शेवटचा पाला होता, तो मात्र हिरवट राहिला होता. तो मी हातानेच पुसून काढला. कंबर धरली. वर गेलो तेव्हा उन्हाने सोंडे गव्हातून निघून चादरीच्या काठाकडे, सावलीकडे चालले होते, आणि मेहुणी त्यांना झाडूने पुढे ढकलत होती, "चला, चला बाप्पा, दुसरं घर पाहा."

संध्याकाळी कोठी पुसून मुलीच्या ताब्यात दिली. तिने आत पाट ठेवला, पाटावर वांगं, कांदा, भेंडी, दोडका. एक छोटा वायफायचा डबा, ज्याला बाहेरची वायरच नाही. त्याला चालवायला बॅटरी. फोनांना वाटेल की नेट आहे, पण ते नेट कोठीएवढंच. आईचा फोन कपाटात, माझा माझ्या खिशात. काठावर चांदीचा कागद दुमडून लावला, झाकण दाबलं. मग मला म्हणाली, "लावा आता वांग्याले."

मी लावला. कोठीतून आवाज नाही. माझ्या कानात एक बाई सांगायला लागली की आपण ज्यांना फोन केला ते संपर्काच्या बाहेर आहेत. मेहुणीने फोन माझ्या हातातून घेतला, स्वतः ऐकलं आणि समाधानाने परत दिला.

फोन आतल्या आत आपसात बोलत होते, आधीच ठरवून दिल्याप्रमाणे. कोणी कोणाला काय पाठवलं हे तेच लिहून ठेवत होते. अर्ध्या तासाने मुलीने झाकण काढलं, फोन लॅपटॉपला जोडले आणि डोकं धरलं.

"काय झालं?"

"वांग्यानं कांद्याले एकच मेसेज पाठवून पाठवून त्याचा जीव घेतला. मावशीकडे गेलं होतं ना, तसंच. ते अजून तसंच हाय."

"बाहेर गेलं का?"

"बाहेर नाही गेलं."

"मंग झालं ना," मेहुणी म्हणाली. "घरचं भांडण घरात. याउप्पर काय पायजे?"

ती चूक मुलीला सापडायला पुढे बरेच दिवस लागले. रोज संध्याकाळी फोन कोठीत, रोज झाकण, रोज डोकं धरणं. एक दिवस जेवताना तिने मला सांगितलं की समोरचा फोन 'पोहोचलं' असं उत्तर देतो, पण पहिल्या फोनाला ते उत्तर ऐकू येत नाही. म्हणून तो पाठवतच राहतो.

"बहिरा हाय," मी म्हटलं.

"बहिरा नाही. उत्तर येते तवा तो पुन्हा पाठवण्यात गुंतलेला असते."

मी वरण वाढून घेतलं.

कोठी रिकामी केली त्या रात्री मेहुणी राहिली. सकाळी मी गव्हाचा डबा घेऊन चौथ्या दारात गेलो. चक्कीवाला म्हणाला, "काका, बहुत दिनांनी! मले वाटलं तुमी फ्लॅटमधे राहायले गेले." मी म्हटलं, दळ. गरम पीठ घेऊन आलो. मेहुणीने जायच्या आधी पोळ्या केल्या, आम्हाला समोर बसवून खायला लावल्या, आणि मी पहिला घास घेतला तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. चव पोळीची होती. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मंग? जिलबीची लागायले पायजे होती का?" आणि पारशिवनीच्या बसला निघून गेली.

त्या दिवशी मी मनाशी एक ठरवलं, कोणाला सांगितलं नाही. हे गहू संपतील तर संपोत. पण शेवटच्या दळणाच्या वेळी मी लक्ष ठेवीन. शेवटची पोळी कोणती ते मला माहीत असेल. ती मी बसून, नीट, एकट्याने खाईन. पुढे काय करायचं ते तेव्हा पाहू. एवढं धरायला होतं म्हणून रोज चक्कीचा विचार करून मला काही वाटेनासं झालं.

होळी झाल्यावर नवे गहू आले. मुलीने भांड्यांच्या बाजारातून दुसरी, वापरलेली कोठी आणली आणि फोन तिच्यात हलवले. नवे गहू बायकोच्या कोठीत गेले. पाला मुलीने आणला, थर मावशीला फोनवर विचारून विचारून टाकले. वरची गाठही तिनेच मारली, इतकी घट्ट की मला सुटत नाही, उघडायची असली की तिलाच बोलवावं लागतं. जुने उरलेले गहू पिंपात काढून ठेवले होते. मी अधूनमधून पिंपाचं झाकण उघडून पाहायचो. अर्धं होतं. मग अर्ध्याच्या खाली. मग काही दिवस कूलर काढणं, त्याची जाळी बदलणं, टाकी धुणं यात मी गुंतलो. शेजारच्यांनीही त्यांचा कूलर दाखवायला बोलावलं. पिंपात पाहिलं नाही.

वैशाखात एका दुपारी मी जेवत होतो. मुलगी तव्यापाशी होती. मी विचारलं, "पिंपातले जुने किती राहिले?"

"जुने?" तिने मागे वळून पाहिलं. "जुने कुठी हायेत आता? नव्यात मिसळून दळले ना. मावशी म्हणे, नवे गहू नुसते दळू नको, पोळी चिकट होते. जुने थोडे थोडे घालत जा."

"कवापासून?"

"झाले पंधरा-वीस दिवस. कवा सरले ते काही मले आठवत नाही. काहून?"

माझ्या ताटात अर्धी पोळी होती. अर्धी मी खाल्ली होती, कैरीच्या लोणच्यासोबत, पंख्याचा आवाज कुठून येतो त्याचा विचार करत. यात तिचे गहू होते की नव्हते, किंवा परवाच्यात होते का, किंवा शेवटचा दाणा गेल्या आठवड्यातच कोणत्या तरी पोळीत गेला, हे आता चक्कीवालाही सांगू शकला नसता. मेहुणीला विचारलं असतं तर तिने मलाच काहीतरी सुनावलं असतं.

मुलगी अजून वळून पाहत होती. तव्यावरची पोळी करपत होती.

"काही नाही," मी म्हटलं. "ती जळून राहिली, काढ. अन् वाढ मले."